चांदी घासणारा हात

खाडीकाठच्या पावणे गावातल्या गावदेवीला चांदीचा मुखवटा होता. वर्षभर तो मढवींच्या घरी पेटीत असायचा, चैत्रातल्या जत्रेआधी बाहेर निघायचा. तोवर खाडीच्या खाऱ्या हवेनं तो तव्याच्या बुडासारखा काळा पडलेला असे. तो घासून उजळायचा मान मढवींच्या घरातल्या बाईचा. सवाष्णीचा नव्हे, थोरल्या सुनेचाही नव्हे. ज्या हाताखाली देवी उजळते त्या हाताचा. म्हणून तर दमयंतीची सासू पांढऱ्या कपाळानं हा मान सांभाळत आली आणि कुणी ब्र काढला नाही. आणि तिनं जाताना तो दमयंतीच्या हाती दिला. धाकटी सून कमळी तेव्हा तिथंच पायाशी बसली होती. ती ते विसरली नाही.

"नाक सांभाळ," सासूनं एवढंच सांगितलं होतं. देवीच्या डाव्या नाकपुडीखाली एक बारीक खळगा होता. कुठल्या जुन्या सोनाराची हातोडी तिथं चुकली असेल ती असेल. पण त्या खळग्यामुळं देवी ओठ मुडपून हसतेय असं वाटायचं. दमयंती मुखवटा मांडीवर घ्यायची, जुनी चिंच कोळून लावायची, भाताच्या तुसाची राख फडक्यातून गाळून घ्यायची आणि मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्यानं हळूहळू घासायची. लेकराचं तोंड धुवावं तसं. खळग्यापाशी आली की फडकं बाजूला ठेवून नुसतं बोट फिरवायची. तोंडानं देवीचं नाव चालूच. देवी उजळली की गाव म्हणायचं, "दमयंतीच्या हाताला यश हाय." पोरीला पहिल्यांदा बांगड्या भरायच्या, नव्या चुलीवर पहिलं भांडं चढवायचं, तर लोक दमयंतीला बोलवायचे. जवळ दुसरं काही उरलं नव्हतं. खाचरं कारखान्यांखाली गेली होती. नवरा बाळाराम रेती काढायच्या होडीवरून पडून खाडीत गेला होता. पोटी मूल नाही. हाताचं नाव तेवढं तिचं होतं.

त्याच हाताच्या जोरावर तिला मधुकरशेटच्या शेडमध्ये काम लागलं. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा अशा पत्र्याच्या शेडी कितीतरी होत्या. मधुकरशेट यंत्रांच्या तांब्या-पितळेच्या सुट्या भागांवर चांदी चढवून द्यायचा. दमयंती माल चढवायच्या आधी घासून साफ करायची. तिचा दीर, कमळीचा नवरा गोवर्धन, चाकावर पॉलिशला होता. गावातले आणखी पाच-सहा जण चांदी चढवायच्या टाक्यांवर होते. मधुकरशेट मूळचा गिरगावचा, आता वाशीला नव्या फ्लॅटमध्ये राहायचा. बोलायला गोड. पण त्याच्या गोडात खडा असायचा.

"दमयंतीबाई, हात धुतलात ना? नाहीतर चांदीला बोंबलाचा वास येतो. गिऱ्हाईक विचारतं, शेट, हे प्लेटिंग आहे की कालवण?"

सगळे हसायचे. दमयंतीही हसायची. पगार देणाऱ्याच्या विनोदाला हसावं लागतं.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर शेडमध्ये एक निराळंच काम आलं. लांबच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेचे दिनानाथ नावाचे साहेब ते घेऊन आले. उंच, शांत, चष्मा सारखा पुसणारे. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि काम कशाचं आहे ते समजावून सांगितलं. एवढी तसदी आजवर कुणी घेतली नव्हती.

"सूर्यात जी आग आहे, तशी आम्हाला इथं करून बघायचीय," ते म्हणाले. "वायू इतका तापवायचा की जगातलं कुठलंही भांडं त्याच्यापुढं टिकणार नाही. म्हणून त्याला भांड्याला टेकूच द्यायचं नाही. चारी बाजूंनी लोहचुंबकाचा जोर लावून कड्यासारख्या पोकळीत अधांतरी धरायचं. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात."

"अधांतरी धरला, मग तापवायचा कसा?" गोवर्धननं विचारलं.

"लाटांनी. रेडिओच्या असतात ना, तसल्या, पण फार जोरकस. तुमच्याकडं आणलीय ती ही अँटेना त्या लाटा सोडणार. पंचाईत अशी, की लाट हट्टी असते. अँटेना आणि प्लाझ्मा यांचं जुळलं नाही, तर ती आत शिरतच नाही. आल्या पावली परत फिरते आणि आमचंच यंत्र जाळते."

दमयंती मागून म्हणाली, "भरती बांधावर आपटून मागं जाते, तशी. आत घ्यायची तर उघाडी पायजे."

साहेबांना उघाडी कळली नाही. खारजमिनीच्या बांधात फळ्यांचं दार असतं, भरती-ओहोटी बघून ते उघडायचं-मिटायचं असतं, हे गोवर्धननं सांगितलं. साहेब खूश झाले. "म्हणजे ही उघाडीच झाली की!" त्या दिवसापासून शेडमध्ये त्या अँटेनाचं नाव उघाडी पडलं.

उघाडी म्हणजे एक रुंद तांब्याची पट्टी आणि तिच्यापुढं शेजारी शेजारी बसवलेल्या तांब्याच्या सळ्या, खिडकीच्या गजांसारख्या. त्या सगळ्यावर चांदी चढवायची होती. साहेबांनी कारण सांगितलं. असली लाट धातूच्या आत जातच नाही, वरच्या कातडीवरून धावते, आणि ती कातडी केसाहून पातळ. आतलं तांबं नुसतं आधाराला. सगळा खेळ वरच्या चांदीचा. आणि चांदी एकदा चढली की तिला उघडा हात लावायचा नाही. ही वस्तू हवा काढून घेतलेल्या पोकळीत बसणार. तिथं बोटाचा घामसुद्धा वाफ होऊन सुटतो आणि ठिणगी पडायला निमित्त होतो.

स्टोअर सांभाळणाऱ्या जयमालाबाईंनी सगळ्यांना सुती पांढरे हातमोजे वाटले. बाया एकमेकींचे हात बघून हसल्या. "आता आमी मडमा झालो!" दमयंतीनं मोजे घरी नेऊन धुतले आणि देवीच्या पेटीशेजारी वाळत घातले. कमळीनं ते पाहिलं. "हात झाकून कामाला जातेस व्हय जाऊबाय? उद्या देवीला पन मोजे घालशील."

चांदी चढली. काम झकास झालं. पण माल लगेच न्यायचा नव्हता, संस्थेचे वरचे अधिकारी येऊन बघून जाणार होते. तोवर तो शेडमध्येच राहिला. मधुकरशेटनं गुंडाळायला आणलेलं प्लास्टिक हलकं होतं, ठिकठिकाणी उसवलेलं. शेडच्या मागून कारखान्यांचा नाला वाहायचा आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास यायचा. त्या वासानं पावण्यात घरातली निरांजनंसुद्धा काळी पडायची. अधिकारी येणार त्याच्या आदल्या दुपारी प्लास्टिक उलगडलं, तर सगळी चांदी तपकिरी-काळी. सळ्यांवर तर शेण फासल्यासारखे डाग.

मधुकरशेटच्या कपाळाला घाम फुटला. चांदी काढून पुन्हा चढवायची तर वेळ नव्हता. तो दोन वेळा शेडच्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि दमयंतीपुढं उभा राहिला. जयमालाबाई तिथंच मोज्यांच्या घड्या घालत होत्या.

"दमयंतीबाई, देवीचा मुखवटा कसा करता तुम्ही?"

"चिंच लावून, राखेनं."

"मग हे तसं करून द्या."

दमयंती उभीच राहिली. "सायबांनी हात लावू नका सांगितलंय ना? त्यांना तरी विचारा शेट."

"साहेब काय तुझा नवरा लागतो, प्रत्येक गोष्ट विचारून करायला?"

टाक्यांवरची माणसं खाली बघू लागली. जयमालाबाईंना हसू आलं, ते त्यांनी मोज्यात लपवलं. दमयंतीचे कान तापले. मधुकरशेटनं लगेच आवाज उतरवला.

"अगं, रागावतेस काय. तूच सांग. इतकी वर्षं देवी उजळतेस, कधी ठिणगी पडली देवीच्या तोंडावर?"

तशी ठिणगी कधी पडली नव्हती. आणि खोटं कशाला लिहायचं, दमयंतीला आत कुठंतरी बरंही वाटलं. एवढ्या यंत्रांच्या, शिकलेल्या माणसांच्या शेडीत अखेर तिच्या सासूची चिंच आणि राख लागली होती. राख तर पवित्र. देवाला चालते ती यंत्राला कशी बाधेल? ती घरी जाऊन राखेचा डबा घेऊन आली. मोजे घालून घासून पाहिलं, पण मोज्यातून हाताला काही कळेना. डाग गेला की राहिला, फडकं कुठं अडतंय, काही नाही. तिनं मोजे काढले.

उजेड होता तोवर ती घासत होती. एकेक सळी मांडीवर घेता येत नव्हती, म्हणून ती स्वतःच खाली निजून, कुशीवर होऊन सळ्यांच्या मधे हात घालत होती. सांध्यांत बोट जात नव्हतं तिथं फडक्याची वात करून फिरवली. तोंडानं देवीचं नाव. जत्रेला घासताना घेते तेच.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले तेव्हा उघाडी पौर्णिमेसारखी झळकत होती. "वा, काय फिनिश आहे!" एक जण म्हणाला. मधुकरशेट छाती काढून म्हणाला, "आमची खास पद्धत आहे सर." सगळ्यांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. दिनानाथसाहेब मागं होते. ते वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. "जरा जास्तच चमकतेय," ते हळू म्हणाले.

"चांदी आहे साहेब. चमकणारच."

साहेबांनी वरच्यांकडं पाहिलं. सगळे आनंदात होते, चहा आला होता, आणि यंत्र सुरू करायची घाई साहेबांनाच सगळ्यात जास्त होती. त्यांनीही चहाचा कप उचलला. खोका त्याच संध्याकाळी गेला. गोवर्धननं घरी येऊन सगळ्या आळीला सांगितलं, "वयनीनं सायबांची उघाडी देवीसारकी उजलली." कमळी सोडून सगळ्यांनी कौतुक केलं.

माघात दिनानाथसाहेब परत आले. बरोबर एक लाकडी पेटी होती. ती त्यांनी शेडच्या मधोमध ठेवली आणि उघडली. आत उघाडीच्या सळ्या होत्या, पण त्यांना सळ्या म्हणवत नव्हतं. दोन मधून मेणबत्तीसारख्या वितळून वाकलेल्या. एकीला भोकं पडलेली. चांदीचे थेंब थिजून दाण्यांसारखे लटकत होते.

"लाट जुळली होती," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा होता. "इतके दिवस परत फिरत होती, ती त्या दिवशी आत गेली. प्लाझ्मानं घेतली तिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग जोर वाढवला, आणि सांध्यात ठिणगी पडली. पुढं सगळं जळत गेलं." त्यांनी एक सळी उचलली. "उघडून पाहिलं तर सांध्यांत राखेचे कण. वर कसलातरी आंबट चिकटा. आणि चांदी इतकी घासलेली की जागोजागी तांबं उघडं. कुणी केलं हे?"

मधुकरशेट लगेच वळला. जणू हा प्रश्न त्याच्याच मनात कधीचा होता.

"दमयंती! इकडं ये. धर ही सळी. धर म्हणतो ना! बघ काय केलंस ते. सगळ्यांना दाखव."

तिनं सळी दोन्ही हातांत धरली. जळकी चांदी खरखरीत लागली.

"शेट, तुमीच सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "देवीसारकं कर म्हनून."

"मी?" मधुकरशेट हसला. "ऐका साहेब. मी इंजिनिअरांचा माल चिंचेनं घासायला सांगेन? जयमालाबाई, तुम्ही तिथंच होतात. सांगितलं मी?"

दमयंतीनं जयमालाबाईंकडं पाहिलं. जयमालाबाईंना ती गेली दोन वर्षं जत्रेचा प्रसाद घरी पोचवत होती, त्यांच्या लेकीला पहिल्या बांगड्या तिनंच भरल्या होत्या. जयमालाबाईंनी पदर सारखा केला.

"मी काही ऐकलं नाही बाई. मी मोजे मोजत होते."

दमयंती साहेबांकडं वळली. "साहेब, तुमीच त्या दिवशी बोलला होता ना, जास्ती चमकते म्हनून. तुमाला कललं होतं."

साहेब चष्मा पुसू लागले. "आता कोण काय बोललं याला अर्थ नाही," ते शेवटी म्हणाले. "बाई, तीन वर्षांचं काम होतं. तुमच्या हातानं गेलं." त्यांच्याबरोबर आलेला तरुण इंजिनिअर पेटी मिटताना म्हणाला, "देवी पॉलिश!" आणि मधुकरशेट मोठ्यानं हसला. पुढं त्या शेडमध्ये कुठलंही काम बिघडलं की त्याला देवी पॉलिश म्हणायची पद्धतच पडली.

दमयंतीला त्याच दिवशी काढलं. तेवढ्यावर भागलं असतं तर तिनं सोसलं असतं. पण संस्थेनं पुढची कामं काढून घेतली, आणि मधुकरशेटनं गोवर्धनसकट गावातली सगळी माणसं घरी बसवली. एकेकाला बोलावून, खांद्यावर हात ठेवून त्यानं सांगितलं, "माझा नाइलाज आहे रे. तुमच्या वहिनीच्या हाताची कृपा."

गोवर्धन घरी आला तेव्हा दमयंती पाटावर तांदूळ निवडत होती. त्यानं सूप पायानं सरकवलं. "वयनी, तू अन्नाला हात लावू नको."

"भावजी, तुमी तितंच होता. शेटनी सांगितलं ते तुमी ऐकलंत."

"ऐकलं तर काय करू? शेट परत कामावर घेईल तर घेईल. तुज्या बाजूनं बोललो तर घेईल काय?"

कमळीनं राखेचा डबा उचलून परसात नेऊन ओतला.

मग आळीत कुणी दमयंतीला बांगड्या भरायला बोलवेना. कुणाची म्हैस आटली, दमयंतीनं परवा तिच्या पाठीवरून हात फिरवला होता म्हणे. कुणाचं लोणचं नासलं. फाल्गुनात देवळात माणसं बसली आणि ठरलं, की जो हात काळा झाला तो देवीला लावायचा नाही. मान त्याच घरात राहील, कमळीकडं.

दमयंती घरातच होती. कमळी अंगणात मुखवटा घेऊन बसली तेव्हा ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून ऐकत होती. नुसत्या आवाजावरून तिला कळलं की कमळीनं काथ्या घेतलाय.

"कमले, काथ्या नको. नाकाखाली बोटानं कर."

"तू गप बस. तुज्या बोटानं काय झालं ते गावानं बघितलं."

मुखवटा काही उजळला नाही. ओरखडे उठले आणि ओरखड्यांत काळं तसंच राहिलं. मग कुणीतरी म्हणालं, आपल्याकडं चांदीचा कारखाना असताना कशाला घासत बसायचं? माणसं मुखवटा कापडात गुंडाळून मधुकरशेटकडं घेऊन गेली. मधुकरशेटनं चपला काढल्या, नमस्कार केला. "देवीचं काम. एक पैसा घेणार नाही," म्हणाला. वर दोघा-तिघांना परत कामावर घेतलं. गोवर्धन त्यांतलाच. चांदी चढायच्या आधी माल चाकावर घासून गुळगुळीत करतात, तो त्यांचा रिवाज. चाक गोवर्धनच चालवायचा. त्यानं देवीचं तोंड फिरत्या चाकाला लावलं.

जत्रेच्या दिवशी पालखी निघाली. मुखवटा असा झळकत होता की उन्हात बघवत नव्हतं. लोक हात जोडून म्हणत होते, अशी उजळलेली देवी आजवर पाहिली नव्हती. मानाचा नारळ मधुकरशेटला दिला. शेटच्या बायकोनं देवीची ओटी भरली. जयमालाबाई जरीची साडी नेसून तिच्या शेजारी उभ्या होत्या.

दमयंती रांगेत शेवटी होती. दर्शनाला कुणी कुणाला अडवत नाही. ती पुढं आली, पदर सावरून वर पाहिलं. डोळे होते, कुंकू होतं. नाकाखाली काही नव्हतं. खळगा चाकावर घासून गेला होता आणि त्यावर नवी चांदी बसली होती. ओठ सरळ, सपाट. ती बघत राहिली. ही देवी तिच्याकडं बघून हसत नव्हती. कुणाकडंच बघून हसत नव्हती. गर्दीत हे दुसऱ्या कुणाला दिसलं नाही.

मागून लोकांनी ढकललं. पुढं मधुकरशेट फोडलेल्या नारळाचे तुकडे वाटत होता. तिनं ओंजळ पुढं केली. त्यानं तिला ओळखलं, थांबला, आणि तुकडा वरूनच, हाताला हात लागणार नाही असा सोडला.

"लवकर खाऊन टाक हो," तो गोड आवाजात म्हणाला. "तुझ्या हातात राहिला तर काळा पडेल."

शेटची बायको हसली. जयमालाबाई हसल्या. पालखीपाशी उभा असलेला गोवर्धन आधी शेटकडं बघून मग हसला. त्याच्यामागं गाव हसलं.

दमयंतीनं तळहातावरच्या खोबऱ्याकडं पाहिलं. सासूनं तिला शिकवलं होतं, प्रसाद कुणाच्याही हातून येवो, टाकायचा नसतो. तिनं तो कपाळाला लावला आणि तोंडात घातला. सगळे बघत होते. तिनं तो चावला, सावकाश, आणि गिळला.